ठोक्याची रात्र

पांढुर्ण्यात नाइटक्लब नाही, सौंसरलाही नाही. 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं, पण क्लबात जायचं मनात आलं तर इथल्या पोट्ट्यांना अजूनही नागपूरच गाठावं लागतं. पांढुर्ण्याचा रस्ता आणि सौंसरचा रस्ता सावनेरला एक होतात आणि तिथून पुढे शहर लागतं. दारावर मनगटाला कागदी पट्टी बांधतात. आत अंधार, कृत्रिम धूर, आणि छातीत शिरणारा एकसारखा ठोका. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं की हे सगळं आपल्या गावापासून फार लांबचं आहे.

मला ते तितकं लांबचं वाटत नाही. लग्नसराईत सौंसरच्या रस्त्यावर वरात निघते तेव्हा पुढे पिकअप असते, नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली. तिच्यावर बेसचे डबे रचलेले, त्यांच्यावर बारीक आवाजाचे टॉप, मागे धडधडणारा जनरेटर, आणि मधल्या अरुंद जागेत लॅपटॉप आणि मिक्सर सांभाळत बसलेला विशी-बाविशीचा मुलगा. गणपती आणि दुर्गा विसर्जनालाही हाच थाट. यंत्रातून निघालेला ठोका, कमी पट्टीचा जाड आवाज, फिरते दिवे आणि अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून नाचणं: क्लबातल्या रात्रीचा सगळा ऐवज इथे रस्त्यावर हजर आहे. म्हणूनच क्लबात नेमकं काय घडतं हे समजून घेताना मी या दोन गावांची वरात सतत समोर ठेवणार आहे. दोन्हींचं कूळ एकच आहे. एका बाबतीत मात्र क्लबाची परंपरा पुढे गेली आहे आणि आपली गाडी मागे राहिली आहे, आणि मला खरं बोलायचं आहे ते त्याबद्दल.

आधी ठोका. क्लबात वाजणाऱ्या बहुतेक संगीताचा कणा म्हणजे एका मात्रेवर एक, असा सरळ पडणारा ड्रमचा आवाज. त्याला किक म्हणतात. हाउस नावाच्या प्रकारात मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोके पडतात, टेक्नोत त्याहून थोडे जास्त, आणि गोव्याच्या ट्रान्समध्ये 140 च्याही पुढे. मिनिटाला 128 ठोके असतील तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी अंतर राहतं. माणूस झपझप चालतो तेव्हा सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. हाउसचा ठोका त्या चालीच्या आसपासच आहे, त्यामुळे तो ऐकून पाय हलवायला शिकावं लागत नाही.

या किकमधली जाडी येते 40 ते 60 हर्ट्झच्या पट्ट्यातून, म्हणजे सेकंदाला 40 ते 60 कंपनं. 50 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. एवढ्या लांब लाटेला भिंत, दार, माणसांची गर्दी फारशी अडवू शकत नाही. टॉपमधून निघणाऱ्या बारीक आवाजाच्या लाटा काही सेंटिमीटरच्या असतात आणि त्या वाटेतच अडतात. दोन गल्ल्या पलीकडे वरात असली की गाण्याचे शब्द कळत नाहीत, पण ठोका थेट स्वयंपाकघरातल्या भांड्यांपर्यंत येतो, त्याचं कारण हे.

हा खालचा आवाज कानापलीकडेही काम करतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात डॅनियल कॅमेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक सुंदर प्रयोग केला. ऑर्फेक्स नावाच्या जोडीचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा खराखुरा कार्यक्रम विद्यापीठाच्या सभागृहात ठेवला. प्रेक्षकांच्या डोक्याला हालचाल मोजणाऱ्या पट्ट्या बांधल्या. मग कार्यक्रम चालू असतानाच, 8 ते 37 हर्ट्झचा अगदी खालचा आवाज देणारे खास स्पीकर दर काही मिनिटांनी चालू-बंद करत राहिले. हा आवाज इतका खालचा की तो चालू आहे की बंद, हे ऐकणाऱ्यांना ओळखता येत नव्हतं. तरीही तो चालू असताना लोकांची हालचाल सुमारे 12 टक्क्यांनी वाढली. 2022 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांचा अंदाज असा की आतल्या कानाची तोल सांभाळणारी यंत्रणा आणि त्वचेचा स्पर्श यांच्या वाटेने तो ठोका मेंदूतल्या हालचालीच्या केंद्रांपर्यंत जातो. वरातीत न नाचायचं ठरवून कडेला उभा राहिलेला मामाही मान डोलावू लागतो. त्याच्या शरीराला निरोप पोचलेला असतो.

हा ठोका आला कुठून? जपानमधल्या ओसाका शहरात इकुतारो काकेहाशी यांनी 1972 साली रोलँड ही कंपनी काढली. तिने 1980 मध्ये टीआर-808 नावाचं ड्रमयंत्र बाजारात आणलं. त्यात खऱ्या ड्रमचं ध्वनिमुद्रण नव्हतं. साध्या विद्युतमंडलातून एक खालचा सूर निर्माण व्हायचा आणि हळूहळू विरत जायचा. खऱ्या ढोलासारखा तो अजिबात वाटत नसे आणि याच कारणासाठी अनेक वादकांनी त्याला नाकारलं. पुढच्याच वर्षी कंपनीने टीबी-303 आणलं. गिटारवादकांना एकट्याने सराव करताना बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेली ही छोटी पेटी इतकी पडली की 1984 पर्यंत तिचं उत्पादनच थांबलं. दोन्ही यंत्रं जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली, आणि शिकागो आणि डेट्रॉइटमधल्या, पैसा नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती लागली. शिकागोच्या ‘वेअरहाउस’ क्लबात फ्रँकी नकल्स रेकॉर्ड वाजवत असत. त्या क्लबाच्या नावावरून ‘हाउस’ हे नाव पडलं असं मानतात. डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन साँडरसन यांनी टेक्नोला आकार दिला. 1987 मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने 303 ची बटणं वाटेल तशी फिरवून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढली आणि त्या पडलेल्या पेटीचं नशीब पालटलं.

पण या गोष्टीचं एक पान मुंबईत त्याआधीच लिहिलं गेलं होतं. चरणजीत सिंग हे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे वादक. नवी वाद्यं जमवण्याचा त्यांना नाद होता. 808, 303 आणि रोलँडचाच ज्युपिटर-8 सिंथेसायझर एकत्र जोडून त्यांनी भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. एचएमव्हीने 1982 मध्ये ती रेकॉर्ड काढली: ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. 303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. पाश्चात्त्य वादकांना ती गंमत वाटली, पण सिंग यांना त्यात मींड सापडली. रेकॉर्ड खपली नाही. दोन दशकांनी एका डच संग्राहकाला तिची प्रत मिळाली, 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, आणि जगभरचे जाणकार चकित झाले, कारण शिकागोत 1987 ला जे घडलं त्याच्याशी जुळणारा आवाज मुंबईत पाच वर्षं आधी मुद्रित झालेला होता. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. म्हातारपणी सिंग यांना युरोपात कार्यक्रम करायला मिळाले. 2015 मध्ये ते गेले. हिंदी सिनेमासंगीतावर इतकं लिहिलं जातं, त्यात या माणसाला अजून त्याची योग्य जागा मिळालेली नाही याचं मला वाईट वाटतं.

रोलँडचं आणखी एक यंत्र आपल्या ओळखीचं आहे. 1985 मध्ये कंपनीने आठ रबरी चौकोनांचं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य काढलं: ऑक्टोपॅड. एका चौकोनावर ढोलकी, दुसऱ्यावर हलगी, तिसऱ्यावर टाळी, असे हवे ते आवाज त्याला जोडता येतात. त्याच्या पुढच्या आवृत्त्या भारतभरच्या ऑर्केस्ट्रांत आणि बँडमध्ये शिरल्या. नागपूरकडच्या संदल आणि धुमाल या वाजंत्री पार्ट्यांत गाडीवर ढोल-नगाऱ्यांच्या शेजारी ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड मांडलेले असतात. ज्या कारखान्याच्या यंत्रांनी डेट्रॉइटचं टेक्नो घडवलं, त्याच कारखान्याची यंत्रं घेऊन ही मंडळी वरात गाजवतात.

गाडीवर डबे रचण्याची पद्धतही एकट्या आपलीच नाही. जमैकाच्या किंगस्टन शहरात 1950 च्या दशकात हेच होत होतं. गरीब वस्तीत रेडिओ किंवा रेकॉर्ड प्लेयर घेणं परवडत नसे. तेव्हा ड्यूक रीड, कॉक्सन डॉड यांच्यासारखे लोक मोठमोठे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्डी घेऊन मोकळ्या जागी रात्र रंगवत. दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की चुरस लागे. यातला किंग टबी हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर. स्वतःचे अ‍ॅम्प्लिफायर तो स्वतः बांधायचा, आणि वाजत्या गाण्यातला एकेक आवाज काढून घेऊन, पुन्हा घालून तेच गाणं नवं करायचा. आज जगभर जे रिमिक्स होतात त्यांचा एक मोठा झरा त्याच्या वर्कशॉपमध्ये आहे. तिथून जमैकाचे लोक न्यूयॉर्कला गेले आणि 1973 मध्ये ब्रॉन्क्समध्ये कूल हर्कने हिपहॉपचा पाया घातला. आपल्याकडे डीजेची गाडी बांधणारा माणूस पुष्कळदा मुळात वायरमन, मंडपवाला किंवा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा असतो. टबीच्या गोष्टीत त्याला स्वतःचाच धंदा दिसेल.

गाडी युरोपातही रस्त्यावर उतरली. बर्लिनमध्ये भिंत पडण्याच्या काही महिने आधी, 1 जुलै 1989 ला, दीडशेच्या आसपास माणसं एका गाडीवर स्पीकर लावून रस्त्यात नाचत निघाली. हीच लव्ह परेड. दहा वर्षांत तिला दहा लाखांहून जास्त लोक जमू लागले, ट्रकांमागून ट्रक आणि त्यांच्यामागे नाचणारा समुद्र. अनंत चतुर्दशीची मिरवणूक पाहिलेल्या माणसाला ते दृश्य ओळखीचं वाटेल. 2010 मध्ये डुइसबुर्ग शहरात याच परेडमध्ये अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन 21 जण मेले आणि परेड कायमची बंद झाली. बर्लिनचे क्लब मात्र टिकले, आणि 2024 मध्ये जर्मनीने तिथल्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं.

आता क्लबातली रात्र. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की डीजे एकामागून एक गाणी लावतो. चांगला डीजे अख्खी रात्र हीच एक रचना म्हणून वाजवतो. दोन यंत्रांवर दोन गाणी असतात. एक लोकांना ऐकू येतं, दुसरं फक्त त्याच्या हेडफोनमध्ये. दुसऱ्याचा वेग तो पहिल्याशी जुळवतो. 1972 मध्ये निघालेल्या टेक्निक्स एसएल-1200 या प्रसिद्ध टर्नटेबलच्या पुढच्या आवृत्तीत वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी होती, आणि कित्येक पिढ्या त्या पट्टीवर बोट ठेवून शिकल्या. आता संगणक वेग आपोआप जुळवतो. पण वेग जुळणं ही फक्त सुरुवात. हे संगीत 16 किंवा 32 मात्रांच्या आवर्तनात बांधलेलं असतं, म्हणून नव्या गाण्याचं आवर्तन जुन्याच्या समेवर यावं लागतं. तबल्याची साथ ऐकलेल्या माणसाला हे लगेच कळेल. दोन्ही गाण्यांचा बेस एकदम सोडला तर चिखल होतो, म्हणून एकाचा बेस उतरवतच दुसऱ्याचा चढवायचा. हा बदल नीट झाला तर नाचणाऱ्याला गाणं कधी बदललं तेही समजत नाही.

रात्रीचा पहिला डीजे मुद्दाम हळू आवाजात, संथ ठोक्यावर वाजवतो. लोक येत असतात, बोलत असतात. मुख्य कलाकार येईपर्यंत जागा तापवायची पण पेटवायची नाही, हे त्याचं काम, आणि ते अवघड आहे. मध्यरात्रीच्या सुमाराला चढ सुरू होतो. मग एक क्षण येतो, डीजे किक काढून घेतो. ठोका गायब. फक्त वरचे सूर लांबत राहतात, हात वर जातात, पाऊण मिनिट, एक मिनिट कोणाला पाय कुठे टाकावा कळत नाही. आणि मग ठोका परत पडतो. त्या क्षणी खोलीभर जी आरोळी उठते ती मोठ्या आवाजाला दिलेली नसते. ठोका हिरावून घेतला होता आणि तो परत मिळाला, त्याची ती आरोळी. म्हणजे क्लबातल्या आनंदाचं मर्म त्या मिनिटभराच्या अभावात आहे.

आपल्या मुलखाला ही विद्या माहीत आहे. खंजेरी भजनाला रात्रभर बसलेले लोक अजून गावोगावी भेटतील. तुकडोजी महाराजांनी खंजेरी घराघरांत पोचवली आणि विदर्भाला लागून असलेल्या या पट्ट्यातही ती वाजत राहिली. भजन सुरुवातीलाच टिपेला जात नाही. धृपद पुन्हा पुन्हा येतं, लय अंगाअंगाने वाढते, एखादा मुरलेला भजनी मध्येच सगळं थांबवून एकट्या आवाजात ओळ म्हणतो, आणि खंजेरी परत पडते तेव्हा मंडळी जागच्या जागी उसळतात. काय राखायचं आणि कधी सोडायचं, याची जाण त्या भजन्याला आहे आणि बर्लिनच्या डीजेलाही.

वरातीच्या गाडीवरून ती जाण हरवली आहे. गाडी सुरू झाल्यापासून नवरदेव मांडवात पोचेपर्यंत मिक्सरच्या सगळ्या पट्ट्या वर. समोरून एकच मागणी: ‘अजून वाढव ना बे!’ दोन पार्ट्यांची गाठ पडली तर विचारायलाच नको. मिक्सरवरच्या मुलात कौशल्य कमी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. हलगीच्या तुकड्यावर हिंदी गाण्याचं धृपद चपखल बसवणारे हात मी ऐकले आहेत. पण त्याला पैसे आवाजाचे मिळतात, आणि आवाजाच्या शर्यतीचं गणितच असं आहे की तीत कोणी जिंकत नाही.

ते गणित सांगतो. डेसिबलच्या मापात वीज दुप्पट केली की 3 डेसिबल वाढतात. डबेही दुप्पट करून शेजारी शेजारी लावले तर बेसमध्ये फार तर 6. पण माणसाच्या कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला सुमारे 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वीज. पाच किलोवॅटच्या गाडीच्या दुप्पट वाजायचं असेल तर पन्नास किलोवॅट हवे. मालक कर्ज काढून डबे वाढवतो, जनरेटर मोठा करतो, आणि ऐकणाऱ्याला जेमतेम थोडा फरक जाणवतो. उलट, एक मिनिट बेस काढून घेऊन परत सोडायला रुपयाही लागत नाही, आणि परिणाम कितीतरी मोठा होतो.

कानाचा हिशोब याहून कठोर आहे. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या निकषानुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, आणि पुढे दर 3 डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. 115 ला अर्धं मिनिटही नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, पण दोन्हीकडे भिंती असलेल्या गल्लीत एवढाही उतरत नाही. सर्वांत जास्त मार बसतो तो गाडीच्या तोंडाशी नाचणाऱ्या लहान मुलांना, आणि रोज रात्री डब्यांच्या मागे बसणाऱ्या त्या ऑपरेटरला. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या पेशी असतात. वाऱ्याने वाकलेली ज्वारी जशी परत उभी राहते तशा त्या एखाद्या मोठ्या रात्रीनंतर सावरतात, पण पुन्हा पुन्हा तुडवल्या गेल्या तर मरतात, आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कानात येणारा ‘कुंई’ आवाज ही त्याची पहिली सूचना असते.

चांगल्या क्लबांनी हे फार आधी ओळखलं. 14 फेब्रुवारी 1970 ला न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो यांनी आपल्या राहत्या जागेत नाचाच्या रात्री सुरू केल्या. आधुनिक क्लबांची ती आजी म्हणावी अशी जागा. तिथे दारू विकली जात नसे, आणि पहाटेपर्यंत ऐकूनही कान थकणार नाहीत इतकाच आवाज ठेवण्यावर मॅनकुसो यांचा कटाक्ष होता. पैसा त्यांनी मोठ्या आवाजावर घातला नाही, तो स्वच्छ आवाजावर घातला. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये क्लबांसाठी आणि कार्यक्रमांसाठी मानकं जाहीर केली: 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाजाची पातळी सतत मोजत राहावी, कानात घालायची बोंडं मिळावीत, आणि थोडा वेळ शांत बसता येईल अशी जागा असावी.

आपल्याकडे कायदा आहेच. केंद्राच्या 2000 च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर ठाम शिक्का मारला. मध्य प्रदेशाचा कोलाहल नियंत्रण अधिनियम तर 1985 चा. डिसेंबर 2023 मध्ये नव्या मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली त्या दिवशी पहिला आदेश काढला तो मर्यादेबाहेर वाजणाऱ्या ध्वनिवर्धकांबद्दलच. पण पोलिसाच्या भीतीने उतरलेला आवाज पोलीस गेला की चढतो. गाडीवरच्या मुलाला संगीताच्या बाजूने कारण मिळालं तर तो आवाज स्वतःहून उतरवेल, असं मला वाटतं.

म्हणून सौंसर-पांढुर्ण्यातल्या गाडीवाल्यांसाठी क्लबातून उचलण्यासारखं जे आहे ते लिहितो. बेसचे डबे खालीच राहू द्या, पण टॉप नाचणाऱ्यांच्या डोक्याच्या वर न्या आणि किंचित खाली झुकवा. क्लबात ते छताला टांगलेले असतात ते यासाठीच: पुढच्यांच्या कानावर थेट मारा होत नाही आणि मागच्यांना शब्द ऐकू येतात. गाडीच्या तोंडापासून तीन-चार मीटर दोरी धरा. वरात निघताना पट्ट्या निम्म्यावर ठेवा, म्हणजे मांडवाच्या दारात वाढवायला काही शिल्लक राहील. दर पंधरा-वीस मिनिटांनी बेस पूर्ण काढा आणि त्या वेळी खऱ्या हलगीवाल्याला किंवा ढोलवाल्याला पुढे येऊ द्या. आणि स्वतःच्या कानात फोमची बोंडं घाला. ती थोड्या रुपयांना मिळतात आणि नीट बसवली तर वीस-तीस डेसिबल कमी करतात. सावनेरमार्गे नागपूरच्या क्लबात जाणाऱ्यांनीही तीच खिशात ठेवावीत. बोंडं घालूनही बेस तसाच छातीत वाजतो. कानातला ‘कुंई’ आवाज एक-दोन दिवसांत गेला नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे जावं. अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांतच उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.